कराडचं तिऱ्हाईत मशीन

आण्णा कुणाच्याही घरी जाताना स्वतःचं स्टूल घेऊन जायचे. लष्करातून निवृत्त होताना बरोबर आणलेलं, खाकी कापडाचं, घडीचं स्टूल. ते कायम सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं असे. घरधनी "या, बसा" म्हणेपर्यंत आण्णा उंबऱ्याबाहेर स्टूल मांडून बसलेले असत. कुणी खुर्ची पुढे केलीच तर हात जोडून सांगत, "दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की मानूस मिंधा हुतो. ओव्हर."

हे 'ओव्हर' वायरलेसवरचं. उभी नोकरी सिग्नलमध्ये गेली, त्यामुळे आपलं बोलणं संपलं हे समोरच्याला कळवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मंडईत मेथी घेतानासुद्धा "कशी दिली? ओव्हर," म्हणून गप्प उभे राहायचे. भाजीवाली मध्येच बोलली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सांगलीतल्या माझ्या ओळखीच्या लोकांनी आण्णांची ही गोष्ट माझ्याकडून निदान दहा वेळा ऐकली असेल. मी नकला बऱ्या करतो, आणि आण्णांचा तो घोगरा आवाज मला हुबेहूब साधायचा. आज मात्र हसवायला बसलेलो नाही. तरी तुम्हाला हसू येईल. माझंही तिथंच चुकलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीच्या विश्रामबागेत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. दर मंगळवारी एसटीने साताऱ्याला जायचो, तिथेही माझी एक शाखा होती. एक दिवस मी मोडेमवरून साताऱ्याच्या मशीनला फोन लावत होतो. मोडेमच्या शिट्ट्या आणि खरखर सुरू झाली, तसे रस्त्याने चाललेले आण्णा सायकलवरून उतरले. दारात स्टूल टाकून, मान तिरकी करून ऐकत राहिले.

"ह्यो तर आपलाच गडी हाय," ते म्हणाले. "काय म्हनतोय? ओव्हर."

मी समजावून सांगितलं. माझ्या डिप्लोमावाल्या पोरांना जे महिनाभर कळत नव्हतं, ते या साठी उलटलेल्या माणसाला अर्ध्या तासात कळलं. मग ते रोज यायला लागले. आठवड्याभराने त्यांनी मनातलं काढलं.

"मास्तर, ह्येच्यावर वाघबकरी खेळता यील का? एक गडी हितं, एक सातारला."

वाघबकरी म्हणजे देवळाच्या फरशीवर खिळ्याने रेघा ओढून खड्यांनी खेळायचा डाव. वाघाने बकरीवरून उडी मारून तिला खायचं, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. आण्णांचं गाव तासगावच्या बाजूला. लहानपणी गुरं सोडून दोघे भाऊ देवळात हाच डाव मांडून बसायचे. धाकटा मारुती पुढे एसटीत कंडक्टर झाला, साताऱ्याला घर बांधून तिथेच राहिला. साताऱ्याचा गडी म्हणजे तोच.

"मग सरळ फोन करा की त्यांना," मी म्हणालो.

"फोनवर बोलाय लागतं," आण्णा म्हणाले.

दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण जमिनीचं नव्हतं. मारुतीच्या मुलीच्या लग्नात मानाचा फेटा आधी मुलीच्या मामाला बांधला आणि आण्णांना नंतर. आण्णा न जेवता उठले. "तुझ्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई," असं मांडवात सगळ्यांदेखत म्हणाले. मारुतीही म्हणाला, मग मीपण तुझ्या उंबऱ्याला लावणार नाही. दोघांनी शब्द पाळला.

मी पंधरा दिवस खपून वाघबकरीचा प्रोग्रॅम लिहिला. माझी छाती फुगली होती. आता प्रश्न राहिला सर्व्हरचा. मी आण्णांना सांगितलं, की डाव मांडलेला राहायला एक मशीन कायम चालू लागतं, त्याला सर्व्हर म्हणतात. ते एक विकत घ्या, तुमच्या घरी ठेवू, भाऊ फोन लावून तुमच्या मशीनवर येतील. मी मशीन विकायचोही, तेव्हा 'विकत घ्या' हे जरा जोरातच म्हणालो असेन.

मंगळवारी साताऱ्याला जाऊन मारुतीला विचारलं. तो खेळायला एका पायावर तयार. पण सर्व्हर सांगलीत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"म्हंजे म्या आण्णाच्या दारात जायाचं?"

"जायचं नाही हो. फोन फिरवायचा फक्त."

"पायानं जावा न्हाईतर फोननं, दार त्येचंच की."

बरं, मग साताऱ्यात ठेवू, म्हणून मी आण्णांकडे आलो. आण्णांनी हात जोडले. "लग्नाच्या मांडवात शब्द दिलाय, मास्तर. वायरीतनं गेलो म्हनून काय झालं, गेलो त्यो गेलोच."

मग तिऱ्हाईत ठिकाणी एक विकत घेऊन ठेवू, मी म्हणालो. त्यावर आण्णा स्टुलावरून उठलेच.

"इकत न्हाई घ्यायचं. दोघांनी मिळून इकत घेतलं की इस्टेट झाली. इस्टेट झाली की वाटनी आली. वाटनी आली की तलाठी आला. लय बघितलंय. भाड्यानं घ्या. भाड्याच्या वस्तूला भाऊबंदकी न्हाई. ओव्हर."

एवढं तर्कशुद्ध उत्तर मला सर्व्हरच्या बाबतीत पुढेही कुणी दिलं नाही.

तेव्हा ठरलं कराड. पूर्वी भाऊबंदांचा वाद तिसऱ्या गावच्या पंचांपुढे मिटवत, तसं हे मशीन सांगलीचंही नाही आणि साताऱ्याचंही नाही. कराडला एका बाईंचा टायपिंगचा क्लास होता. त्यांचं एक मशीन रिकामं होतं, फोनही होता. बाई रविवारपुरतं द्यायला कबूल झाल्या. तरी दोघा भावांनी जागेची पाहणी केलीच, वेगवेगळ्या दिवशी. आण्णा सोमवारी गेले, मारुती गुरुवारी. दोघांनी मशीन सोडून भिंती आणि शेजार बघितला. बाईंनी मला नंतर सांगितलं, की जाताना दोघांनी एकच प्रश्न विचारला. दुसरा कसा दिसतोय, वाळलाय का?

मी यावर पोट धरून हसलो. लगेच नकलेत घातलंसुद्धा.

कराडला फोनची लाईन एकच. त्यामुळे एका वेळी एकच जण आत. एकाने फोन लावायचा, आपली चाल करायची, बाहेर पडायचं. मग दुसऱ्याने लावायचा. सबंध रविवार हा उद्योग चाले. मारुती साताऱ्याच्या क्लासमध्ये, आण्णा माझ्याकडे दारात, स्टुलावर. त्यांच्यासाठी की-बोर्डची वायर मी वाढवून घेतली होती. पहिल्या रविवारी फोन लावला तर एंगेज. मला वाटलं आण्णा चिडतील. ते मात्र मोडेमवरचा तो टूंऽ टूंऽ आवाज डोळे मिटून ऐकत होते.

"हाय आत," ते हळूच म्हणाले. "हाय मारुती. खेळू दे, गडबड न्हाई."

वाघ आण्णांकडे होते. महिना दीड महिना गेला तरी डाव संपेना. मी एकदा वाकून बघितलं तर समोर बकरी आयती मरत होती.

"आण्णा, ती खाता येतेय."

"कळतंय मला. ऱ्हाऊ दे. खाल्ली की डाव संपतोय."

हेही मी नकलेत घातलं. आण्णांचा वाघ माळकरी झालाय, असं म्हटलं की हमखास हशा यायचा.

त्या वर्षी गणपतीत साताऱ्याच्या एका मंडळाने मला एकपात्रीसाठी बोलावलं. स्टेजवर मी घडीचं स्टूल नेलं होतं. मांडव खचाखच भरलेला. मी आण्णांच्या आवाजात बोलायला लागलो आणि लोक जे हसायला लागले ते थांबेनात. फेटा, कराड, तलाठी, "वाळलाय का?", माळकरी वाघ, सगळं झालं. नावं बदलली होती, पण तेवढंच. 'वाळलाय का'च्या वेळी तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेला. मी त्याला ओळखलं. मारुती होता.

तरी मी थांबलो नाही. अजून दहा मिनिटांचा मजकूर बाकी होता आणि हशा चांगला येत होता. ही गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली आहे.

पुढच्या रविवारी कराडचा फोन पहिल्या झटक्यात लागला. आण्णांनी चमकून माझ्याकडे बघितलं. पटावर चाल मारुतीची होती आणि बकऱ्या होत्या तिथेच होत्या. "आजारी असंल," आण्णा म्हणाले. दुसऱ्या रविवारीही लागला. तिसऱ्याही. मंगळवारी साताऱ्याला गेल्यावर मी मारुतीच्या घराकडचा रस्ता टाळायला लागलो होतो. आण्णा विचारायचे, "गाठ पडली का?" मी म्हणायचो, "नाही, कामात होतो." ते मान डोलावायचे. माझ्या शब्दावर त्यांनी एकदाही शंका घेतली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायला लागला.

सहाव्या रविवारी मी सगळं सांगून टाकलं. नक्कल, स्टूल, मांडव, तिसरी रांग. मला वाटलं आता शिव्या बसतील. त्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझी नक्कल करता व्हय?" त्यांनी एवढंच विचारलं. मग थोड्या वेळाने, "मारुती हसला का?"

"नाही. उठून गेले."

आण्णा स्क्रीनवरच्या पटाकडे बघत बसले. त्या दिवशी त्यांनी एकाही वाक्यानंतर 'ओव्हर' म्हटलं नाही.

"मास्तर, भाड्याचं बंद करा. मशीन इकत घ्या."

"कुठं ठेवायचं?"

"सातारला. त्येच्या घरात."

"पण तुम्ही शब्द दिला होता. त्यांच्या उंबऱ्याला..."

"दिलावता. आता जातो म्हनतोय न्हवं?" ते एकदम ओरडले, आणि लगेच आवाज उतरला. "बोलायचंच हाय, तर तिऱ्हाइताच्या वट्ट्यावरनं कशापायी बोलायचं? माझीच चूक झाली. आन् वाटनीबिटनी काय न्हाई. त्येला देऊनच टाकलं."

कराडच्या मशीनवरचा डाव मी फ्लॉपीवर उतरवून घेतला, जशीच्या तशी एकेक बकरी. नव्या मशीनचं खोकं घेऊन मंगळवारी एसटीत बसलो. त्या मशीनवर मी माझं कमिशन घेतलं नाही. मोठं काही केलं म्हणून हे सांगत नाही. तेवढंच हातात होतं.

मारुतीने दार उघडलं. मी खोकं छातीशी धरून बाहेरच उभा राहिलो. "आण्णांनी पाठवलंय," म्हणालो. "हे तुमच्या घरात ठेवायचं. यापुढं ते इथं येणार. फोननं."

त्याच्या मागून त्याची बायको आली. तिने माझ्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. "थांबा तितंच," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. लांबून आलेल्या माणसावरून उतरवून टाकतात, तसा तिने तो तुकडा खोक्यावरून उतरवला आणि लांब भिरकावला. उंबऱ्यावर पाणी ओतलं. "घ्या आत, भावजींना," म्हणाली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आलं असतं.

बाहेरच्या खोलीत मशीन जोडलं, फ्लॉपी घातली, पट उघडला. मारुती शेजारी येऊन बसला. त्याने चाल केली नाही. मी सगळा धीर एकवटून म्हणालो, "मारुतीराव, गणपतीत मी जे केलं त्याची मला लाज वाटते."

"आवं, त्येचा राग न्हाई मला," तो म्हणाला. "तुमी तोंड उघडलंसा आन् आण्णाच बोलाय लागला. नऊ वरसं आवाज ऐकला न्हवता त्येचा. म्या ऐकतोय तवर समदी हसाय लागली. मग बसवंना."

"तुम्हाला आत्ता फोन लावून देऊ का? घरी असतील ते."

त्याने घाईघाईने मान हलवली. "नगं, नगं. त्यो बोलला की मला बोलाय लागंल. एवढ्यात न्हाई जमायचं." मग दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ सरकला. "तुमीच काढा की एकदा. कायबी बोला. 'मारुती, जेवलास का' एवढंच म्हना. हितं हसायला कोन न्हाई."

भरल्या मांडवात ज्या आवाजाने मी लोकांना लोळवलं होतं, तो काढायला मी तोंड उघडलं. घशातून काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मारुती डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ऐकायच्या तयारीत बसला होता, आणि तसाच तो बराच वेळ बसून राहिला.