हंस, मी आणि उतरता बाण

सगळ्यात आधी खटकलं ते हे, की मला हसू आलं. भर तळ्यात, पेडल मारायच्या बोटीत एकटी बसलेली असताना, बोटीच्या पुढच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या हंसाची मान बघून मी खुदकन हसले. आता यात खटकण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण टोस्टरमधून पाव वर उडाला तरी किंचाळणारी बाई आहे मी. (नवरा मला ‘सायरन’ म्हणतो. लाडाने म्हणतो, असं मी धरून चालते.) चारही बाजूंना पाणी असताना मला हसू येतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, हे नक्की.

बिघडणारी गोष्ट एकच होती. मला शाळेत असल्यापासून मधुमेह आहे, इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. दंडावर कोटाच्या बटणाएवढा एक सेन्सर चिकटवलेला असतो. तो माझ्या साखरेचा आकडा मोबाइलवर पाठवतो आणि शेजारी एक बाण दाखवतो: चढतेय की उतरतेय. हा आकडा माझ्याबरोबरच नवऱ्याला, माझ्या आईला आणि सासूबाईंनाही दिसतो. म्हणजे मी चोरून बिस्कीट खाल्लं, तर तीन घरांत कळतं. (घरं दोनच आहेत. तिसरं नवऱ्याचं ऑफिस.)

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, व्यायाम हवाच. पण व्यायामाने साखर पडू शकते, तेव्हा लक्षणं ओळखायला शीक. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड.

“डॉक्टर, हे तर माझं रोजचंच आहे,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “मग आकड्यावर विश्वास ठेव. स्वतःवर नको.”

पहिल्यांदा धावायला गेले, तर मागून सायकलची घंटा वाजली आणि माझी साखर उतरायच्या ऐवजी चढली. घाबरलं की चढतेच म्हणे. मग जिम लावली. तिथे कोणीतरी वजन खाली आपटलं आणि मी दाराबाहेर पळाले. त्या दिवशीचा व्यायाम तेवढाच. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “मी येते ना तुझ्याबरोबर चालायला.” आल्या. आणि रस्त्याने समोर येईल त्याला सांगत सुटल्या, “जरा बाजूला व्हा हो, आमच्या सुनेची साखर कधीही पडते!” लोक अशा लगबगीने बाजूला झाले, जणू ती त्यांच्या अंगावरच पडणार होती.

त्यानंतर मी घरात हट्टच धरला, की मी एकटी व्यायाम करणार. सासूबाईंनी अट घातली: “जा एकटी. पण एकदा जरी शुगर पडली, तर पुढच्या वेळेपासून मी सोबत. कायमची.”

म्हणून ही बोट. ना घंटा, ना वजनं, ना सासूबाई. निघण्याआधी मी आकडा नीट बघितला. चांगला होता. बाण थोडासा खाली तिरपा होता, म्हणून मीही मान थोडी तिरपी केली, तेव्हा तो सरळ दिसला. तासाभरापूर्वी न्याहारीचं इन्सुलिन घेतलं होतं आणि ते अजून साखर उतरवत असणार, हेही मला आठवत होतं. पण पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या होत्या ना!

“पिशवी ऑफिसात ठेवा,” बोटवाले काका म्हणाले. “पाण्यात पडली तर आमची जबाबदारी नाही.”

मी लगेच ठेवली. (गणवेश घातलेल्या माणसाने सांगितलं की मी ऐकते. काकांनी नुसती टोपी घातली होती, तरी ऐकलं.) मोबाइल तेवढा प्लास्टिकच्या कव्हरात गळ्यात अडकवला. एकटीच बसल्यामुळे हंस एका कुशीवर कलला आणि आम्ही निघालो.

तर, मी हसले, दचकले आणि मोबाइल बघितला. चौसष्ट. सत्तरच्या खाली गेलं की धोका. आणि बाण सरळ खाली.

आता माझी पंचाईत समजून घ्या. गोळ्या काठावर. काठावर जायचं तर पेडल मारायला हवं. पेडल मारलं की साखर आणखी उतरणार. नाही मारलं तर हंस मला घेऊन पलीकडच्या शेवाळात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, माझ्या तर चहूबाजूंनी तळं होतं.

मी दोन्ही हात उंच करून काकांना हलवले. काकांनीही हसून हात हलवला. मी उभी राहायला गेले, हंस डुलला, मी किंचाळले. काठावरच्या दोन बायकांनीही आनंदाने हात हलवले. ‘मदतीसाठी संपर्क’ असा बोटवाल्यांचा नंबर होता, पण तो हंसाच्या छातीवर, बाहेरच्या बाजूने रंगवलेला. तो वाचायला आधी पाण्यात पडणं आवश्यक होतं.

नवऱ्याला फोन लावला. एंगेज. आईला लावला. एंगेज. सासूबाई. एंगेज. पुन्हा नवरा, पुन्हा एंगेज. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तिघांनाही माझा आकडा दिसला होता आणि तिघंही माझ्याबद्दल एकमेकांशी बोलत होते! मग मेसेज टाकला. पण बोटं थरथरत होती आणि कव्हर ओलं होतं. ‘मी तळ्यात’ एवढंच गेलं. (पुढचं ‘बोटीत आहे’ राहून गेलं.)

तेवढ्यात शेजारून बदकाच्या आकाराची एक बोट आली. आत एक आजोबा आणि त्यांची चिमुरडी नात. नातीच्या हातात ज्यूसचं खोकं. मला ते अमृतकुंभासारखं दिसलं.

“आजोबा, माझी शुगर पडलीये. थोडा ज्यूस मिळेल का?”

“द्यायला काही नाही,” आजोबा म्हणाले, “पण मालकीण ही आहे.”

“माझा आहे,” मालकीण म्हणाली.

“मला बरं वाटत नाहीये गं, राणी. थोडासा देतेस?”

“थोडासा म्हणजे किती?”

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “सगळा.”

“मग मला काय देशील?”

“हा हंस देते.”

तिने हंस वरपासून खालपर्यंत न्याहाळला. “तुझा वाकडा चालतो.”

शेवटी आजोबांनीच तिच्या हातातून खोकं काढून माझ्या हातात दिलं. मी ते रिकामं होऊन त्याच्या बाजू आत ओढल्या जाईपर्यंत प्यायले. आणि पोरीने जो टाहो फोडला, त्यापुढे मी कसली सायरन! “ह्या मोठ्या बाईने माझा ज्यूस संपवला!”

मघाशी माझ्या दोन हातांनी जे साधलं नाही, ते या टाहोने साधलं. काका मोटारबोट घेऊन हजर. “काय हो ताई, लहान मुलीचा खाऊ हिसकावून घेतलात?”

दोरी बांधून हंसाला ओढत नेईपर्यंत माझे हात स्थिर झाले होते. जीव भांड्यात पडला. पण मोबाइल बघितला तर आकडा अठ्ठावन्न आणि बाण अजून खालीच! सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे त्याला बातमी उशिरा कळते. मी मस्त होते, पण घरच्यांच्या मोबाइलवर मी अजून बुडतच होते. त्यात मघाचा मेसेज. ‘मी ठीक आहे, ज्यूस प्यायले’ असा दुसरा टाकला, पण वाचणार कोण? सगळ्यांचे मोबाइल कानाला.

सासूबाई तळ्याकडे धाव घ्यायच्या आत मला त्यांना गाठायचं होतं. ‘शुगर पडली, पण माझी मी सांभाळली’ हे मी शांत, जबाबदार आवाजात सांगितलं असतं, तर एकटीचा व्यायाम कदाचित वाचला असता. (ज्यूसच्या मालकिणीचा उल्लेख मी टाळणार होते.) काठावर उतरले, गोळ्यांची पिशवी छातीशी धरली आणि फोन लावत राहिले. नवरा एंगेज. आई एंगेज. सासूबाई एंगेज. सासूबाई एंगेज. सासूबाई... रिंग गेली! पलीकडून फोन उचलला गेला.

“हॅलो, आई, मी बोलतेय...”

“कोण का असेना, आधी फोन ठेवा! आमची सून तळ्यात आहे, तिचा फोन यायचाय!”