आत्याबाई अजून हवेतच

बारशाला आत्या हवी, आणि प्रतापचं घर कतारमध्ये दोह्याला, तर एकुलती एक बहीण संजीवनी ऑकलंडला. दोह्यापासून याहून लांब घर करायचं म्हटलं असतं, तरी तिला फारसं जमलं नसतं. पण ती येत होती, आणि तेही भावाच्या बाजूने. प्रतापला मुलाचं नाव आजोबांवरून अरुणकुमार ठेवायचं होतं, उल्काला शौनक. आत्या बाळाच्या कानात सांगेल ते नाव कायम होणार, म्हणून प्रताप निर्धास्त होता.

तिकिटाचा फोटो येताच त्याने हिशेब मांडला. "सकाळी आठला निघणार, दुपारी चारला पोचणार. वेळा ऑकलंडच्या. म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात. बारसं शुक्रवारी दुपारी ठेवू."

"एवढ्या लांबून आठ तासांत?" उल्का बाळाला थोपटत म्हणाली. "मुंबईहून यायलाच चार लागतात. पोचायची वेळ इथली असेल की."

"तिकीट तिकडून काढलंय. शिवाय मोठी विमानं जोरात जातात. मी इंजिनिअर आहे, उल्का."

यापुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे उल्काला लग्नापासून माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी विमानतळावरच्या फलकावर ऑकलंडचं नावच नव्हतं. चौकशीच्या खिडकीतल्या बाईने शांतपणे सांगितलं, "फोर पीएम, सर. इन्शाल्ला."

या बातमीसकट घरी जाणं म्हणजे हार कबूल करणं. प्रतापने फोन लावला. "फ्लाइट लेट आहे. ऑस्ट्रेलियावर वादळ झालंय. कार्यक्रम संध्याकाळी करू, मी सगळ्यांना कळवतो."

कळवता कळवता वादळ वाढत गेलं. पहिल्या पाहुण्याला नुसता वारा होता, केटररपर्यंत पोचेतो विमानावर वीज पडली होती. ऑफिसातला अमेय म्हणाला, "सर, ॲपवर तर ऑन टाइम दिसतंय."

"ॲपवाल्यांना काय कळतंय?"

अप्रेझल जवळ आलं होतं. अमेय म्हणाला, "बरोबर आहे, सर."

दुपारी उल्काचा फोन आला. "अहो, विजेची बातमी नाशिकला तुमच्या आईंपर्यंत पोचलीय. देव पाण्यात घालून बसल्यात त्या. जेवायला तयार नाहीत."

प्रतापने घाईने विचारलं, "मग?"

"इकडे वन्संचा विमानातून मेसेज आलाय. जेवण चांगलं होतं, सगळं वेळेवर आहे म्हणे. आईंना काय सांगू?"

प्रताप विमानतळावरच्या फलकाकडे बघू लागला.

"विचार करा," उल्का म्हणाली. "आणि वन्सं बाहेर आल्या की गाडीत त्यांच्याशी नावाचंही बोलून घ्या."

संध्याकाळी बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. संजीवनीने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'शौनक' म्हटलं. टाळ्या झाल्या आणि बायकांनी तिला घेरलं. "वादळात फार हाल झाले का हो?"

"कुठलं वादळ?" असं ती म्हणणार, तेवढ्यात उल्काने तिच्या तोंडात अख्खा पेढा घातला.

"अजून सावरल्या नाहीत त्या," उल्का डोळे टिपत म्हणाली. "ह्यांनी तर विमानतळावरच ठरवलं, बहीण सुखरूप उतरली तर हट्ट सोडायचा आणि नाव शौनकच ठेवायचं."

व्हिडिओ कॉलवर नाशिकच्या आईंनी पदर डोळ्यांना लावला. "गुणाचं गं माझं लेकरू," त्या म्हणाल्या, आणि सगळे कौतुकाने प्रतापकडे बघू लागले.