हवालदाराला खवलं नसतं

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा इंजिनिअर, वडील गप्प, आई बोलकी. शेजारचं वडीलधारं माणूस म्हणून मी देवरे काकांना बोलावलं होतं. काकांनी पोह्यांची बशी संपवली, सगळ्यांना निवांत न्याहाळलं आणि माझ्याकडे वाकून, पलीकडच्या खोलीतही ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले, "ताई, पोरगी तोंडात मावेल हो. त्या बाईंचं तोंड मोठं आहे."

ते स्थळ अर्थातच जमलं नाही. पुढे त्या बाईंनी आपली सून तीन महिन्यांत माहेरी धाडल्याचं कानावर आलं, पण त्याचं श्रेय मी काकांना देणार नाही. माझी शोभा झाली ती झालीच.

'तोंडात मावतो का' हे काकांचं जग मोजायचं माप. ते आलं त्यांच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीतून. काका मूळचे सटाण्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, उभी नोकरी वसतिगृहाच्या रेक्टरची. निवृत्त होऊन इंदिरानगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. या वयात लोक हरिपाठ धरतात, यांनी दरोडेखोर पाळले. वरच्या पाण्यात लांबलचक अरोवाना मासा. त्याचं नाव कलेक्टर, कारण तो कुणाकडे बघत नसे. मधल्या पाण्यात तळहाताएवढे दोन ऑस्कर. सगळे तोंडात मावेल त्याला गिळणारे. एकदा कलेक्टर उडी मारून थेट काकूंच्या मेथीच्या परातीत पडला, तेव्हापासून टाकीच्या झाकणावर दोन विटा असतात. काकू त्या दिवशी काकांना जे बोलल्या ते आमच्या घरापर्यंत आलं, आणि ते मी इथे लिहू शकत नाही.

या मंडळींना कोळंबी लागे. काका ती भद्रकालीच्या मासळी बाजारातून आणत, पिशवी हातभर लांब धरून, आणि माझ्या ओट्यावर ठेवून तोंड फिरवून उभे राहत. मी अलिबागकडची. सोलून, काळा दोरा काढून वाटीत घालून देई. "यातल्या चार तुमच्या," असं ते दर वेळी म्हणत. चार कोळंब्यांत आमच्या ह्यांचा दातही भरत नाही. पण काका त्या चार बाजूला काढायला लावल्याशिवाय हलत नसत.

"वेगळ्या जातीचे निभतात, ताई," ते सांगत. "एक वर राहतो, एक खाली. सगळ्यांना एकाच वेळी, दोन्ही टोकांना खायला टाकायचं. भांडण लागलंच तर दगड हलवायचे. कोणाचा कोपरा कोणता तेच कळत नाही, मग सगळेच नवे. पण एका जातीचे दोन..." आणि ते मान हलवत.

दगड हलवण्याचा प्रयोग त्यांनी सोसायटीवरही केला. पार्किंगवरून पाटील आणि जोशी यांची हमरीतुमरी चालली होती. एका सकाळी उठून बघतो तर काकांनी चुना आणि ब्रश घेऊन सगळ्या गाड्यांच्या जागांचे नंबर बदलून टाकलेले. पाटील आणि जोशी खांद्याला खांदा लावून काकांच्या दारात आले आणि अर्धा तास त्यांचा उद्धार केला. जाताना दोघं एकाच स्कूटरवरून चहाला गेले. काका अंगावरचा चुना झटकत मला म्हणाले, "बघितलं?"

मग ते दोन ऑस्कर खरोखरच भिडले. एकाच दुकानातून एकाच पिशवीत आणलेले, भावासारखे वाढलेले. एकाचा डोळा गेला, दुसऱ्याची शेपटी कुरतडली गेली. काकांनी दगड हलवले, उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी कुठूनसा एक मोठा कॅटफिश आणून सोडला. मिशा होत्या म्हणून त्याचं नाव हवालदार. दुसऱ्या दिवसापासून दोघे ऑस्कर मिळून हवालदाराच्या मागे लागले आणि एकमेकांना विसरले. हवालदार हीटरमागे जाऊन बसायचा, अंगावर चाव्यांच्या खुणा घेऊन.

"आणि याचं काय?" मी विचारलं.

"त्याची कातडी जाड असते हो."

पण मासे साफ करणाऱ्या बाईला माहीत असतं, या माशाला खवलं नसतं. अंगावर असते ती नुसती कातडी.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आठ दिवस मशीनवर होत्या. डॉक्टर म्हणाले, आता यातून काही निघणार नाही, मशीन काढायचं तर घरच्यांची सही लागेल. दवाखान्यात थोरला मुलगा महेश एकटा होता. धाकटा निलेश पुण्याहून निघाला होता, सिन्नरपर्यंत पोचला होता. आणि काका माझ्या ओट्याशी उभे होते. दोन दिवस मासे उपाशी म्हणून मीच त्यांना तासाभरासाठी घरी आणलं होतं. फोन त्यांनी टाकीवर ठेवलेला, त्याची रिंग बंद. शेवटी महेशने मला फोन केला. मी तो तसाच काकांच्या कानाला लावला. पलीकडचं मलाही ऐकू आलं, "बाबा, आई गेली. तुमचा फोन लागेना. मी सही केली."

निलेश पाऊण तासाने पोचला. "पाऊण तास थांबता आलं नाही तुला?" एवढंच तो भावाला म्हणाला. त्यानंतर वर्षभर दोघांत शब्द नाही. एक आला की दुसरा यायचा नाही. काका दोघांना वेगवेगळे फोन करत आणि दोघांना एकाच भाजीचं कौतुक सांगत.

वर्षश्राद्धाला दोघांनी यायचं कबूल केलं. आदल्या दिवशी काकांकडून धडाधड आवाज येऊ लागले म्हणून मी गेले. घामाघूम झालेला माणूस सोफा ओढत होता. जेवणाचं टेबल खिडकीशी, कपाट दाराशी, महेशची नेहमीची खुर्ची गायब, निलेश टेकायचा तो दिवाण आडवा.

"काका, हे काय?"

"दगड हलवतोय," ते म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा राग आला. मी पदर खोचला आणि कपाटाला हात लावला.

श्राद्ध झालं, गुरुजी गेले, पानं मांडली. मी आणि महेशची बायको वाढत होतो. दोघे भाऊ नव्या जागी अवघडून बसले. काकांनी दोघांना एकाच वेळी, दोन्ही हातांनी वडे वाढले. वाटलं, जमतंय. तेवढ्यात महेश म्हणाला, "आईला हे वडे फार आवडायचे."

"तुला आईची घाई फार होती," निलेश म्हणाला.

महेश उठला. पान सरकलं, खीर सांडली. वर्षभराचं सगळं दोघांच्या तोंडून एकदम बाहेर पडायला लागलं. महेशची बायको रडायला लागली. काका भिंतीला टेकून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "सही कर असं मी सांगितलं."

दोघे थांबले.

"फोनवर मीच सांगितलं त्याला. निलेशसाठी थांबू नकोस म्हटलं. तो नाही म्हणत होता."

महेशने बापाकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं. "तू गप्प बस," काका रेक्टरच्या आवाजात म्हणाले. महेश माझ्याकडे वळला. त्या दिवशीचा फोन माझ्याच हातात होता, मला खरं काय ते माहीत होतं हे त्याला माहीत होतं. मी हातातल्या पातेल्यात बघत राहिले. महेश गप्प बसला. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि स्वतःलाही.

निलेशचा आवाज फुटला. "बाबा, वर्षभर तुम्ही आमचं हे बघत बसलात?" मग भावाकडे वळून, "दादा, तू मला सांगायचंस ना रे." महेश खाली मान घालून रडत होता. निलेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. न जेवता दोघे एकाच गाडीतून गेले. बापाला कोणी येतो म्हटलं नाही.

मी सांडलेली खीर पुसली. काका टाकीशी जाऊन हीटरमागच्या हवालदाराकडे वाकून बघत होते. "काय रे भो, काय शे?" त्यांच्या गावच्या बोलीत ते हळूच विचारत होते.

त्याला आता दोन महिने झाले. दोघांपैकी कोणीही काकांचा फोन उचलत नाही. परवा ते कोळंबी घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली, पण तोंड फिरवलं नाही.

"महेशची बायको भेटते ना तुम्हाला? दोघं बोलतात का?"

"रोज बोलतात," मी म्हटलं.

"काय बोलतात?"

मला खोटं बोलता येत नाही. "तुम्हाला नावं ठेवतात."

"दोघं मिळून?"

"दोघं मिळून."

"मग बरंय," काका म्हणाले. त्यांनी वाटी पुढे केली. मी ती घेतली. "यातल्या चार तुमच्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आज नकोत. आज सगळ्या हवालदाराला घाला."