परमुलखी भेंडीची व आईसाहेबांच्या उपासाची हकीकत

श्रीकुलदेवतेस दंडवत घालोन, जेवून उठलेल्या श्रोत्यांनी सावध चित्ते परिसावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी समुद्रापलीकडील एका थंड मुलखी हेरंबराव टिपणीस व त्यांचे कुटुंब केतकीबाई चाकरीनिमित्त राज्य करीत होते. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या. तेथे रावांच्या मातुश्री इंदुमतीबाई पेणेहून निघोन, विमानारूढ होऊन दाखल जाहल्या, आणि पुत्राने पाय धरिले आणि सुनेने ओवाळिले, बहुत आनंद जाहला. मग दुसरे दिवशी तिघांची स्वारी वाणसामानाच्या मोहिमेवर निघाली. रावांस एक खोड होती. तेथील नाणे मोहर, एका मोहरेचे नव्वद रुपये होत. आणि राव जी वस्तू पाहत तिची किंमत रुपयांत करून मोठ्याने पुकारीत. केतकीबाईंच्या कानास सवय जडली होती, आईसाहेबांच्या नव्हती. त्यांनी हौसेने मूठभर भेंडीची पुडी उचलिली, तोच राव गरजले, "आई, साडेचारशे रुपये!" पुडी खाली ठेविली आणि कोथिंबिरीस हात घातला, तो "दोनशे! आणि काड्या बघ किती!" मग आईसाहेबांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. तरी रावांनी भेंडी घेतलीच, परंतु मुद्रा ऐसी, की किल्ला देऊन तह केला.

त्या दिवसापासून आईसाहेब "पोट जड आहे" म्हणो लागल्या. भाजी नको, दही नको, दूध चहापुरते. केतकीबाईंनी पुसिले, "आई, माझ्या हातचं आवडत नाही का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "तसं नाही गं. थंडीनं भूकच मेलीये." राव वदले, "हवा बदलली की होतं असं," आणि लॅपटॉपात मग्न जाहले. ऐसे करिता करिता एके सकाळी जिना उतरताना मातुश्रींस घेरी आली आणि पायरीवरच बसल्या. रावांची गाळण उडाली. दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासिले, छाती तपासिली आणि निवाडा दिला, की यांस रोग काही नाही, यांस जेवू घाला.

घरी येताच केतकीबाई सासूबाईंसमोर ठाण मांडून बसल्या. "खरं सांगा आई, का जेवत नाही?" आईसाहेबांचे डोळे भरले. "अगं, घास उचलला की ह्याच्या तोंडचा आकडा ऐकू येतो. ह्याचे बाबा गेल्यावर साडेचारशेत मी महिन्याची भाजी भागवलीये. ते एका वेळच्या ताटात कसं गिळू?" राव दाराशी उभे होते, त्यांनी ऐकिले, आणि मान वर करवेना. केतकीबाईंनी तेथेच फर्मान काढिले, "हेरंब, या घरात आजपासून गुणाकार बंद. करायचाच तर आधी पगाराचा कर!" रावांनी बिनशर्त कबूल केले.

मग संध्याकाळी राव एकलेच दौडले आणि भेंडी, दही, कोथिंबीर ऐशा दोन पिशव्या भरून आणिल्या. आईसाहेबांनी पुसिले, "केवढ्याला पडलं?" रावांच्या ओठी आकडा आला, तो गिळोन वदले, "फुकट. दुकानदाराशी ओळख निघाली. आपल्याकडचाच आहे." आईसाहेबांनी पुत्राकडे अंमळ निरखून पाहिले. मग उठल्या आणि भेंडी चिरली आणि खरपूस परतली आणि तीन पोळ्या जेवल्या. हात धुता धुता म्हणाल्या, "भला माणूस दिसतो. उद्या त्याच्याकडून हापूसची पेटी आण. एक कशाला, दोन आण, केतकीला आवडतो."

येणेप्रमाणे हापूस घरी आला, मातुश्रींच्या गाली रंग चढला, सूनबाई संतुष्ट जाहल्या. सांप्रत त्या दुकानदारास रविवारी सहकुटुंब जेवावयास बोलवावे, ऐसी आईसाहेबांची आज्ञा आहे. आणि राव दुकानदाराच्या शोधात आहेत.