परबवकिलांचे तीस आकडे

आमच्या परबवकिलांनी कोणाला प्रश्न विचारला की ते डोळे मिटून मनात तीसपर्यंत आकडे मोजत. चहा हवा का, एवढंच विचारलं तरी. उत्तर तिसऱ्या आकड्याला आलं, तरी मोजणी पूर्ण व्हायची. त्यांनी रस्त्यात "कसो आसस?" म्हटलं की माणसाची एसटी चुकलीच. मी त्यांची टायपिस्ट. कुरकुरले तर म्हणत, "घाई कोणाक आसा गो?"

अशा माणसाकडे तारकर्लीचा नंदू आला. वय सोळा. त्याने किनाऱ्यावरच्या सात होड्यांचे दोर सोडले होते. पाच वाहून गेल्या, त्यातली एक खडकावर फुटली. पोलिसांनी विचारलं, "तूच सोडल्यास ना?" तो म्हणाला, "तूच सोडल्यास ना?" कागदावर शेरा पडला : मुलगा उद्धट.

त्याची आई मासे विकायची. "वकीलानू, तो आयकता तसाच बोलता," ती रडत म्हणाली. "लहानपणापासून."

ओरोसला बाल न्याय मंडळापुढे त्याला निरीक्षणगृहात पाठवायची चर्चा सुरू होती. मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, "होड्या का सोडल्यास?"

"होड्या का सोडल्यास?" नंदू म्हणाला.

वकील उठले. "मॅडम, थोडा वेळ द्या." पिशवीतून दोर काढून त्यांनी तो खुर्चीच्या पायाला कसाबसा बांधला. "नंदू, ह्या बरा आसा?" आणि डोळे मिटले.

तीस झाले. साठ झाले. बाई घड्याळाकडे बघू लागल्या. वकील मात्र देवळात बसावं तसे बसलेले.

नंदू खाली बसला. त्याने गाठ सोडली, नवी घातली, ओढून पाहिली. मग पहिल्यांदाच स्वतःचं बोलला, "चुकीची गाठ. सुटतली." थोड्या वेळाने, "दोन बांधलंय. पाच रवल्यो. माका धरल्यानी."

दोन होड्या नव्या गाठीने बांधलेल्या, जागेवर होत्या, हे पंचनाम्यातच होतं. कोणी नीट वाचलं नव्हतं. बाईंनी तो पुन्हा वाचला, डॉक्टरी तपासणी लिहून दिली आणि नंदूला आईच्या ताब्यात दिलं.

काही महिन्यांनी एका कागदावर आईची सही घ्यायला मी रविवारी तारकर्लीला गेले. घरापुढच्या खळ्यात वकील आणि नंदू शेजारी शेजारी, मुकाट्याने पेजेचे वाडगे घेऊन बसलेले.

"दर आयतवारी येतत," आई म्हणाली. "दोघंय बोलणत नाय." मग हळूच विचारलं, "वकिलांक घराक कोण आसा काय गो?"

अकरा वर्षं मी त्यांच्याकडे टाइप करत होते. हे मी कधी विचारलंच नव्हतं.