विहीणबाईंचं स्पष्ट मत

धाकट्या बहिणीला पाठवायचा निरोप बाईंनी सबंध कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवला, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ग्रुपवर झाडून सगळे हजर होते.

बाई एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बोलायला स्पष्ट, पण फोन हातात आला की जरा घाईच्या. निरोप आवाजातला होता, चांगला दोन मिनिटं दहा सेकंदांचा. विषय होता, व्याह्यांनी स्वतःच्या हातांनी बनवून परवाच घरपोच भेट दिलेल्या सहा खुर्च्या. व्याही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि गेलं वर्षभर सुतारकामात आकंठ बुडाले होते.

"अगं, बघायला राजेशाही," बाईंचा आवाज घरोघरी घुमला, "पण बसायला निव्वळ शिक्षा! पाठीला एक दांडा असा टोचतो की माणूस घास घेता घेता ताठ होतो. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आमच्याकडे कुणी थांबतच नाही. ह्यांचं दोन दिवसांत किलोभर वजन उतरलं!"

शेजारच्या खोलीतून यजमान फोन घेऊन आले. "अगं, हे तू सगळ्यांना पाठवलंयस."

बाईंना दरदरून घाम फुटला. त्यांनी झटक्यात निरोप पुसून टाकला. "गेला!"

"माझ्याकडे आहे अजून."

घाईत त्यांनी तो फक्त स्वतःपुरता पुसला होता. आता तो सगळ्यांकडे होता, एक त्या सोडून.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती सासऱ्यांना बाबा म्हणत असे. "आई, काय केलंस हे! बाबा ऐकतायत. दुसऱ्यांदा!"

"काही बोलले का?"

"नाही ना! तेच तर."

बाईंनी डोकं चालवलं आणि ग्रुपवर लिहिलं, "गैरसमज नको. मी शाळेतल्या खुर्च्यांबद्दल बोलत होते." हे वाचून यजमान म्हणाले, "म्हणजे मी शाळेत जेवायला जातो?" त्याला उत्तर सुचायच्या आत धाकट्या बहिणीचा भाबडा प्रश्न उमटला, "पण ताई, सकाळी फोनवर तर तू व्याह्यांच्या खुर्च्यांचंच सांगत होतीस ना?"

त्यानंतर ग्रुपवर कुणी काही लिहीना. पाच वाजता व्याह्यांची एकच ओळ आली. "उद्या सकाळी दहाला येतो."

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला बेल वाजली. दारात व्याही उभे. एका खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत वही, कानामागे पेन्सिल. बाईंनी रात्रभर जुळवलेलं भाषण सुरू केलं, "भाऊसाहेब, कसं आहे ना, मुळात माझी पाठच जरा..."

"विहीणबाई, तुमचा निरोप मी चार वेळा ऐकला," व्याही शांतपणे म्हणाले. "पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा मुद्दाम माझ्याच खुर्चीवर बसून ऐकला. आणि चौथ्यांदा उभं राहून ऐकला. बसवेना!"

मग ते जेवणाच्या टेबलाशी गेले, फोन टेबलावर ठेवला आणि निरोप मोठ्या आवाजात लावला. बाईंना स्वतःचाच आवाज नकोसा झाला. एकेका वाक्यावर व्याही थांबत आणि वही उघडत.

"दांडा टोचतो. कितवा? वरून दुसरा की तिसरा?"

"छे हो, कुठला टोचतोय! मी आपलं उगाच..."

"विहीणबाई, दांडा कितवा?"

"दुसरा," बाई पुटपुटल्या.

"आता हे, 'निव्वळ शिक्षा'. ही भावना झाली. मोजता येईल असं काही सांगा. किती मिनिटांनी वाटते?"

"सात," यजमान चटकन म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते दहा केलं. व्याह्यांनी वहीत सातच लिहिलं.

शाळेत तीनशे मुलांना गप्प करणाऱ्या बाई आता खुर्चीची तोंड भरून स्तुती करत होत्या आणि खुर्ची बनवणारा माणूस एकेक दोष त्यांच्याकडून काढून घेत होता. शेवटी तो स्वतः घड्याळ लावून त्या खुर्चीवर बसला. सातव्या मिनिटाला त्याने बैठक बदलली, आठव्याला "हं" केलं.

इकडे ग्रुपला कंठ फुटला होता. बाईंमुळे सगळ्यांची भीड चेपली. व्याह्यांच्या सख्ख्या भावाने लिहिलं की भेट मिळालेल्या कपाटाचा खालचा खण आजवर एकदाच उघडला, आणि तो आता बंद होत नाही. व्याह्यांच्या मुलाने कळवलं की पुस्तकांची मांडणी एका अंगाला कलते, म्हणून जाड पुस्तकं दुसऱ्या टोकाला ठेवावी लागतात. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने स्टुलाबद्दल लिहिलं, आणि सोबत गुडघ्याचा फोटो टाकला. व्याह्यांचा फोन किणकिण वाजत होता. ते चष्मा वर करून एकेक वाचत होते. त्यांचे कान लाल झाले. पेन्सिल थांबली. त्यांनी समोरचं पेलाभर पाणी एका दमात संपवलं. आणि मग वहीत आकडे घालून एकेक तक्रार उतरवू लागले. एक, दोन, तीन... अकरा. त्यातली एकच खोडली. कपाट निळं का नाही, असं कुणीतरी विचारलं होतं. "ही त्यांची आवड," ते म्हणाले. "बाकी दहा माझ्या चुका."

बाईंना राहवलं नाही. "भाऊसाहेब, वाईट वाटत नाही हो?"

"वाटतं ना! न वाटायला मी काय लाकूड आहे? पण ते घरी जाऊन सावकाश वाटून घेईन. आता माप घेऊ." टेप लावता लावता ते पुढे म्हणाले, "तीस वर्षं साहेब होतो, विहीणबाई. साहेबाला दांडा टोचतो म्हणून कुणी सांगत नाही. वर्षभर विचारतोय, कसं झालं? सगळे म्हणतात, अप्रतिम! अप्रतिमवर रंधा कुठून मारायचा, सांगा."

सहाही खुर्च्या टेम्पोतून परत गेल्या आणि बाईंचं कुटुंब तीन आठवडे जमिनीवर बसून जेवलं. मधल्या काळात व्याह्यांनी कपाटाचा खण बंद होईल असा केला, मांडणी सरळ केली आणि स्टूल तर पार मोडून नव्याने जोडलं. खुर्च्या आल्या तेव्हा दुसरा दांडा मागे सरकलेला होता आणि पाठ किंचित कललेली. बाई बसल्या. सात मिनिटं झाली, वीस झाली. बोलता बोलता तास उलटला तरी त्यांना उठावंसं वाटेना. व्याही मात्र वही उघडून समोर उभेच. "छान" हा शब्द ते लिहूनच घेईनात. अखेर बाईंनी खुर्ची उलटी करून चारही पाय तपासले आणि एक पाय फरशीवर चरचरतो असं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा फुलला. तिथेच काचकागद घासून त्यांनी तो गुळगुळीत केला.

ते गेल्यावर बाई त्याच खुर्चीवर बसून राहिल्या. एवढा मोठा माणूस, अकरा तक्रारी ऐकून घेतो आणि वर आभार मानून जातो! मग त्या उठल्या, शाळेची एक कोरी वही आणि पेन्सिल आणली आणि यजमानांसमोर बसल्या.

"अहो, माझ्याबद्दल काही तक्रार असेल तर मोकळेपणाने सांगा. मी लिहून घेते."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "खरंच?"

"खरंच."

"रागावणार नाहीस?"

"रागावले तर नंतर रागावेन."

यजमानांनी घसा खाकरला. "म्हणजे बघ, मी काही बोलायला लागलो की तू मला माझं वाक्य..."

"पुरं करू देत नाही," बाई म्हणाल्या.

बाईंचे कान लाल झाले. "पण तुम्ही इतकं रेंगाळता की..." हे शब्द ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'एक. वाक्य.' मग पेन्सिल उचलून धरली. "बरं. दुसरं?"

"दुसरं म्हणजे," यजमान म्हणाले, "तू जेव्हा..."

बाई थांबल्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि यजमानांकडे बघत राहिल्या. यजमान वाट बघत राहिले. संसाराच्या एकतीस वर्षांत वाक्य शेवटापर्यंत न्यायची त्यांची सवयच गेली होती. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "दुसरं उद्या सांगितलं तर चालेल?"