डाव्या पायाचं माप

आमच्या वडनेर भोलजीच्या रफिकचाचांचा पायजमा दोन मापांचा असतो. उजवा पाय ऐसपैस, डावा अरुंद. आणि हा माणूस गावातला सगळ्यांत नामांकित शिंपी!

झालं असं की मोटारसायकल घसरून चाचांच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झकास झालं, पण डावी मांडी वाळली. चाचांनी लगेच टेप लावला, पायजम्याचा डावा पाय आत घेतला आणि जाहीर केलं, "दर शुक्रवारी माप घेईन. मांडी भरली का एक टीप उसवीन. ढिल्या कपड्यात पाय आळशी होते."

मलकापूरला व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी मांडीला तारा जोडलेल्या चकत्या चिकटवल्या. स्नायूनं जोर लावला की पडद्यावर रेघ उसळते म्हणे. चाचा घामाघूम, रेघ सपाट.

"स्नायू धड आहे चाचा," मॅडम म्हणाल्या. "गुडघा दुखावला म्हणून हुकूम ऐकायचं विसरलाय."

तेवढ्यात चाचांची नजर मॅडमच्या बाहीवर गेली. "ही शिलाई कोनं केली वो?" ते ओरडले, आणि रेघ टुणकन उडाली! हे मला खुद्द चाचांनी सांगितलंय. खरं-खोटं ती रेघ जाणे.

चाचांच्या पुण्यातल्या मुलानं पायानं चालवायच्या शिलाई मशीनसाठी मोटर पाठवली. चाचांनी खोकं उघडलंच नाही. त्यावर टाच ठेवून मांडी आवळायची कसरत सुरू केली. "मोटर लावली तं पाय कायले उठंन बे?"

त्याच वर्षी आमची कपाशी अळीनं पोखरली. बीटी बियाणं म्हणजे अळीची चिंता मिटली, असं ऐकून होतो आम्ही. माझ्या थोरल्या भावाला, वसंतदादाला, घास उतरेना. बोलणंही बंद झालं. मला त्याच्या जिवाची धास्ती वाटायला लागली. ढगळ झालेली पँट हे निमित्त करून मी त्याला चाचांकडे ओढत नेलं.

"कमरेले चार बोटं कमी करा," दादा म्हणाला. "उरलं ते कापून टाका."

"कापत नसतो मी." चाचांनी कापड आत दुमडलं आणि एकट्या उजव्या पायानं मशीन रेटत टीप मारली. "दर शुक्रवारी येत जाय. माही मांडी अन् तुही कंबर. पाहू कोन आंधी भरते."

दादा पुढच्या शुक्रवारी आपणहून गेला. चाचांनी उसवलेली टीप दाखवली की घरी येऊन अर्धी भाकर जास्त खायचा. हरणं त्याला लहानपणापासून सोसत नाही.

गेल्या शुक्रवारी मी सहज दुकानात डोकावलो. चाचा दोन्ही पायांनी मशीन भरधाव हाणत होते. पायजम्याचा डावा पाय फाटेल इतका तटतटला होता. मी त्यांच्या गळ्यातला टेप ओढून माप घेतलं. दोन्ही मांड्या सारख्या!

"चाचा, मंग उसवत काऊन नाही?"

मशीन थांबलं. चाचांनी रस्त्याकडे पाहिलं. दादाची यायची वेळ झाली होती.

"वसंताची अजून दोन बोटं बाकी हायेत," ते हळूच म्हणाले. "मी आंधी पोचलो तं तो एकटा पडंन नं."

मी टेप त्यांच्या गळ्यात परत घातला आणि दादाची वाट बघत बसलो.